वाढलेल्या बांगड्या

नोकरीभर मला एकच प्रश्न विचारला गेला: "बाई, सोनं घावलं का?" सुरुवातीला मी चिडायचे. पुढे पुढे सांगू लागले, "घावलं असतं तर या उन्हात तुमच्या बांधावर बसले असते होय?" मग माणसं हसायची, पाण्याचा तांब्या पुढे करायची, पण जाता जाता माझ्या पिशवीत एकदा डोकावायचीच. पिशवीत असायची खापरं, म्हणजे फुटक्या मडक्यांचे तुकडे. एका म्हाताऱ्याने ती बघून तोंडावरच विचारलं होतं, "आवं, येवढं शिकलासा, आन् ह्येच गोळा करतासा?"

तर मी हेच गोळा करायला शिकवलं. साताऱ्याच्या एका महाविद्यालयात पुरातत्त्व शिकवून आता घरी बसले आहे. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागतो, आणि त्या प्रबंधांची मार्गदर्शक म्हणून माझी हयात गेली. मार्गदर्शक हा शब्द फार गोड आहे. खरं काम म्हणजे पोरांच्या लिखाणातलं जे जे जमिनीने सांगितलेलं नाही ते ते काढून टाकायचं. पोरं माघारी मला 'चाळण' म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही खणतो. एम.ए.च्या पोराला कोण खणू देणार? दुसऱ्याने खणलेलं आम्ही वाचतो. शेतकऱ्याने पाइपलाइनसाठी चर मारला, नदीने दरड कापली, की त्या उभ्या भिंतीत मातीचे थर दिसतात. जुनं खाली, नवं वर. रीतसर परवानगी काढायची, ती भिंत खुरप्याने साफ करायची, थर मोजायचे, कुठल्या थरात काय मिळालं ते तिथल्या तिथे लिहायचं. तिथल्या तिथे, कारण घरी गेल्यावर माणसाला सगळं हवं तसं आठवतं. आणि आपल्याकडे जागा शोधायला फार विद्वत्ता लागत नाही. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, तिथली माती पांढुरकी होते. गावात जाऊन "जुनी पांढर कुठं आहे?" विचारलं की शेंबडं पोरही बोट दाखवतं.

नसीमाने मात्र पांढर शोधली नाही, ती तिला घरातच मिळाली होती. नसीमा पलूसच्या बाजूची, मणेरांची. मणेर म्हणजे बांगड्या भरणारे. तिची आई खातूनभाभी डोक्यावर हारा, म्हणजे मोठी टोपली, घेऊन आसपासच्या गावांत बांगड्या भरायला जायची. अलीकडे नसीमाचा भाऊ स्कूटरवरून सोडायचा. तर पहिल्याच वर्षी ही मुलगी माझ्यासमोर रुमालाची गाठ सोडून बसली. आत काचेच्या बांगड्यांचे तुकडे. काळे, हिरवे, एकावर पिवळी नागमोडी रेघ. म्हणाली, "मॅडम, अम्मी ज्या गावाला जाते तिथं कृष्णेच्या काठाला एक रान आहे. चुड्याचं रान म्हणतात. नांगरलं की हे वर येतं. आजच्या काचा नाहीत या. अम्मीनं आणि मी दोघींनी बघितल्या."

मी तुकडे हातात घेतले आणि उजेडात धरून पाहिले. पोरगी बरोबर बोलत होती. विषय तिथेच ठरला: त्या एका रानातल्या बांगड्या. कधीच्या, कशाच्या, कुणाच्या.

रान हौसाबाईंचं. साठी ओलांडलेली बाई, ताठ कण्याची. नवरा फौजेत जवान होता, तो तरुणपणीच गेला. पुढे मुलगाही फौजेत गेला, आणि डोंगरातल्या रस्त्यावर गाडी दरीत जाऊन तोही गेला. घरात आता त्या आणि सून सुनंदा, दोघीच. उसाची शेती वाट्याने लावलेली. परवानगी मागायला आम्ही गेलो तेव्हा हौसाबाईंनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. उन्हातान्हात खुरपं चालवताना बांगड्या आड येतात, म्हणून कामावर मी हातात फक्त घड्याळ घालते. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"कवा गेलं मालक?"

"गेले नाहीत हो. घरी आहेत. पोहे खात असतील."

"मग आसं हात उघडं टाकून फिरू नगासा बाई," त्या रागावल्या, "मान्सं काय समजायची?" पण त्या रागातच त्यांनी चहा ठेवला आणि चहाबरोबर परवानगीही दिली. पाइपलाइनसाठी रानातून नुकताच एक चर मारलेला होता. तो बुजवायच्या आत आम्हाला वाचून घ्यायचा होता.

चराशी उभं राहून त्यांनी आम्हाला त्या रानाची गोष्ट सांगितली. फार पूर्वी, गाव इथे होतं तेव्हा, नवरा मेलेल्या बायका इथे काठावर येऊन चुडा वाढवायच्या. म्हणून ते चुड्याचं रान. "आमच्या पांढरीची चालच हाय ती, पयल्यापासनं. ह्या रानात बगा की, कुटं बी हात घाला, पुरावाच हाय."

मी वहीत लिहून घेतलं: 'मालकांची आख्यायिका.' गावाने सांगितलेलं आम्ही खोटं म्हणत नाही, खरंही म्हणत नाही. आधी भिंत बघतो.

कामाला हाताखाली माणूस हवं होतं. पहिल्या दिवशी सुनंदा पाणी घेऊन आली ती थांबलीच. बारावी झालेली, अक्षर सुबक, हात हलका. तुकडे धुवायचं काम तिने आपणहून घेतलं. मऊ ब्रशने माती काढायची, सावलीत वाळवायचे, प्रत्येकाला चिठ्ठी. तिच्या त्या उघड्या मनगटांपाशी दिवसभर रंगीत काचांचा ढीग असायचा. नसीमाला ते बघवायचं नाही. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, हिचं लग्न इथंच झालं. लग्नातला चुडा माझ्या अम्मीनंच भरला होता. मी सोबत गेले होते. आता अम्मी या घराचा उंबरा चढत नाही. हात भरायला जिथं कुणी उरलं नाही त्या घरात मणेरानं जायचं नसतं."

काम आठवडाभर चाललं असेल, तेव्हा सुनंदानेच तोंड उघडलं. हातातला तुकडा ब्रशने घासत, वर न बघता.

"मॅडम, हे खरंच तवापासनं हाय का हो?"

"काय?"

"बायकांच्या हातातनं ह्या काढायचं."

मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. नवऱ्याला आणलं तेव्हा सगळा तालुका लोटला होता. बंदुकांची सलामी झाली, लोकांनी घोषणा दिल्या, साहेबांनी तिच्या हातात घडी घातलेला झेंडा दिला. आणि त्याच हातांवर दिवस मावळायच्या आत नदीवर दगड पडला. दगड धरला होता सासूने. असं काम म्हातारी विधवाच करते, अशी रीत. आता लोणंदला माहेरी धाकट्या बहिणीचं लग्न निघालं होतं. सुनंदाला त्या लग्नात दोन-दोन का होईना, बांगड्या घालून उभं राहायचं होतं. "धाकटीला म्या खेळवलीय. तिच्या हळदीला मला खांबाआड बसायचं न्हाई." आसपासच्या गावांतून ही चाल सुटत चाललेली, तिच्या माहेरच्यांचीही ना नव्हती. पण सासूने एका वाक्यात विषय संपवला होता: पांढरीची चाल हाय, रानात पुरावा हाय.

"तुमच्या पुस्तकात काय येतंय ते आत्ती मानतील," ती म्हणाली. आमच्याकडे सून सासूला आत्ती म्हणते. "त्यांनीच म्हटलंय, बाई शिकलेली हाय, ती सांगंल ते खरं."

मी नोकरीत पुष्कळ प्रबंध तपासले. लायब्ररीच्या कपाटात जातील आणि झुरळं वाचतील, असेच बहुतेक. कुणाच्या मनगटाचा निकाल लागणार आहे असा प्रबंध माझ्या हातून कधी गेला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली.

पुढे पहिला कच्चा मसुदा आला. मी लाल पेन घेऊन बसले. यादीत थर पहिला, थर दुसरा, आणि प्रत्येकापुढे शेरा: 'बांगड्या वाढलेल्या.' थर तिसरा: 'बांगड्या वाढलेल्या.' थर चौथा, तळचा, तिथेही 'वाढलेल्या'. माझं डोकं फिरलं. कशापेक्षा वाढल्या? तळाच्या थराच्या खाली काहीच नाही, तर तिथे वाढतील कशा? मी प्रत्येक शेऱ्यावर लाल प्रश्नचिन्ह काढलं आणि नसीमाला फोन लावला.

"अगं, संख्या वाढली म्हणतेस तर आकडे कुठायत?"

"संख्या नाही, मॅडम. वाढलेली म्हणजे... ती जी अख्खी नसते ती."

"म्हणजे फुटलेली?"

पलीकडून हलकेच, "हां. तीच."

मी कपाळावर हात मारून घेतला. मराठी बाई मी. बांगडी फुटली असं आमच्याही घरात कुणी कधी म्हटलं नाही. वाढली म्हणायचं. दिवा विझला नाही म्हणत, नारळ फोडला नाही म्हणत, तसंच ते. अशुभ शब्द उच्चारायचा नाही, त्याच्या उलट बोलायचं. पण प्रबंध वाचताना डोक्यात आकडेच असतात. आणि या पोरीच्या घरात तर तो शब्द धंद्याचा. बांगडी भरताना फुटली तर मणेरणीने "वाढली गं बाई" म्हणायचं आणि तिचे पैसे घ्यायचे नाहीत. "फुटली" म्हटलं की गिऱ्हाईक हात मागे घेतं. लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण, ते शास्त्राच्या यादीतही सुटलं नव्हतं. कष्ट करून, थर मोजून, या मुलीने तळापासून वरपर्यंत शुभ बोलून ठेवलं होतं.

"तिथे 'तुकडा' लिही," मी म्हटलं. "आणि एक सांगते, शुभ आणि अशुभ दोन्ही आपल्या यादीत बसत नाहीत."

'तुकडा' लिहिणं तिला जमलं. खरी कुस्ती पुढे होती, शेवटच्या प्रकरणावर. तिने लिहिलं होतं: 'सदर ठिकाणी काचेच्या बांगड्या बनवण्याचा कारखाना असावा.' कारखाना ठरला की हौसाबाईंची गोष्ट आपोआप पडते. कारखान्यातला भंगार माल तो, विधवांचा चुडा नव्हे. पुराव्याला काचेचे दोन गोळे आणि एक वाकडी झालेली बांगडी.

"भट्टी कुठाय?" मी विचारलं.

"रानात दुसरीकडं असंल. आपण चरच बघितला."

"भट्टीची राख? वितळलेल्या काचेचे थेंब? काच वितळवायच्या मुशीचे तुकडे? नुसत्या दोन गोळ्यांवर कारखाना उभा करतेस? घराला आग लागली तरी काच अशी वितळते."

ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मॅडम, एक ओळ आहे. एका ओळीनं शास्त्राचं काय बिघडणार आहे? तिच्या बहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे."

मी ओरडले. माझा आवाज व्हरांड्यातून शिपायापर्यंत गेला. जमिनीच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, आज तू दयेने घालशील, उद्या दुसरा कुणी द्वेषाने घालेल, आणि मग तुमच्याआमच्या गावातल्या कुठल्या दगडाखाली काय होतं यावरून लोक एकमेकांची डोकी फोडतील, त्यालाही एकच ओळ पुरते. असं बरंच बोलले. शब्द खरे होते. पण ती गेल्यावर मला चहा गेला नाही. सुनंदाची उघडी मनगटं डोळ्यांपुढून हलेनात. मला स्वतःलाच वाटत होतं, असू दे की कारखाना. कुणाच्या बापाचं जातंय?

चार दिवस नसीमा फिरकली नाही. आली ती रागातच आली, पण हातात मोजमापांचा गठ्ठा होता.

आमच्याकडे एक साधं तंत्र आहे. एका कागदावर एकात एक वर्तुळं काढलेली असतात, लहानापासून मोठ्यापर्यंत. बांगडीचा तुकडा त्यावर ठेवून सरकवत न्यायचा. ज्या वर्तुळाशी त्याची कड तंतोतंत जुळते, तेवढी ती बांगडी अख्खी असताना होती. कंटाळवाणं काम, डोळे जातात. नसीमाने सगळे तुकडे नव्याने मोजले होते. आणि शास्त्रीय मापाशेजारी तिने दुकानातलं माप लिहिलं होतं, दोन-चार, दोन-सहा, जसं बायका मागतात तसं.

"बघा," तिने कागद माझ्यासमोर आपटला. "मोठ्या बाईच्या आहेत तशा पोरीबाळींच्याही आहेत. ह्या सहासात वर्षांच्या पोरीच्या. आणि ह्या, ह्या तर तान्ह्या बाळाच्या हातातल्या. माझी दोन बोटंसुद्धा जेमतेम जातील. प्रत्येक थरात लहानमोठ्या एकत्रच, चुलीच्या राखेत आणि जनावरांच्या हाडांत मिसळलेल्या. तान्हं पोर कुणाची विधवा असतंय?"

मी कितीतरी वेळ ते तुकडे फिरवून फिरवून पाहिले. मापं बरोबर होती. हा विधवांचा काठ नव्हता, की कारखानाही नव्हता. घराच्या मागे केर टाकतात, तो उकिरडा होता. एका गल्लीतल्या बायका, पोरी, बाळं, धुणंभांडी, खेळणं, आपटणं. मला त्या क्षणी त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही, कारण चाळणीचं काम अजून उरलं होतं.

"सहासात वर्षांच्या पोरी," मी म्हटलं, "विधवा व्हायच्या, नसीमा. आपल्याच राज्यात."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हाला मान्य नाही?"

"मान्य आहे. तेवढंच मान्य आहे जेवढं दिसतंय. इथे सगळ्या वयांच्या हातांतल्या बांगड्या घरच्या केरात आल्या. त्यांतली एखादी दगडाने फोडलेली नसेलच असं तू सांगू शकतेस?"

"नाही."

"सगळ्या दगडानेच फोडल्या, असं हौसाबाई सांगू शकतात?"

"नाही."

"मग तेच लिही."

तिने लिहिलं. शेवटच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य: 'या बांगड्या कशा फुटल्या, हे उपलब्ध पुराव्यावरून सांगता येत नाही.' हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. आमच्या धंद्यात कांकण हातात धरूनही माहीत नाही म्हणावं लागतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. "एवढं सगळं करून निष्कर्ष काय, तर माहीत नाही?" नसीमा उभी राहिली. हाताची बोटं एकमेकांत गुंतलेली. म्हणाली, "सर, आमच्या घरात फुटली हा शब्द बोलत नाहीत. मी तो आज पहिल्यांदा मोठ्यानं बोलते आहे. फुटल्या हे मला माहीत आहे. कुणी फोडल्या हे माहीत नाही. जे माहीत नाही ते कुणी सांगत असंल तर ते या मातीतलं नाही, एवढं मी सिद्ध केलं आहे." परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं पान उलटलं. ती पास झाली. चांगली पास झाली.

माझा एक नियम होता: प्रबंधाची एक प्रत शेतमालकाच्या घरी द्यायची. ज्याच्या रानात बसून तुम्ही पदवी मिळवली, त्याला कळायला नको? पुष्कळदा त्या प्रती फळीवर पडून राहतात, एका घरात तर मी तिच्यावर दुधाचं पातेलं ठेवलेलं पाहिलं आहे. तरी देते. तशी हौसाबाईंकडे प्रत द्यायला आम्ही निघालो. खातूनभाभींना त्याच गावात बांगड्या भरायच्या होत्या म्हणून त्याही माझ्या गाडीत बसल्या. घर आलं तेव्हा आम्ही दोघी उतरलो, त्या उतरल्या नाहीत. "मी हितंच बसते," म्हणाल्या.

हौसाबाई सोप्यात बसल्या होत्या. सुनंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी. लग्न आठवड्यावर आलं होतं आणि तिची पिशवी भरलेली कोपऱ्यात दिसत होती. हौसाबाईंनी जाडजूड प्रबंध मांडीवर घेतला, उलटसुलट केला.

"मला वाचाया येत न्हाई. तोंडानं सांग पोरी. पयल्यापासनं हाय का न्हाई?"

नसीमाने माझ्याकडे पाहिलं. सांगणं तिचं काम होतं.

"ठाऊक नाही, मावशी," ती म्हणाली. "त्या रानातल्या बांगड्या बायकांच्या आहेत, पोरींच्या आहेत, तान्ह्या बाळांच्या पण आहेत. घरातल्या केरात पडलेल्या आहेत. कशा फुटल्या ते माती सांगत नाही."

"म्हंजे पुरावा न्हाई?"

"नाही."

"आगं पर आमच्या सासूनं सांगितलं हुतं मला. तिला तिच्या सासूनं."

"ते खरं असंल, मावशी. पण ते रानात नाही."

हौसाबाई प्रबंधाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिल्या. बाहेर उसाची ट्रॉली गेली. मला वाटलं आता आम्हाला हाकलणार. त्या बोलल्या तेव्हा आवाज त्यांचा वाटेना.

"माज्या हातावर सासूनं दगड घातला, तवा म्या बावीस वर्सांची हुते. पोरगं काखंत. म्या म्हनलं, आत्ती, ऱ्हाऊ द्या की दोन. तर म्हनली, माजं काय न्हाई बाई, पांढरीची चाल हाय. म्या आजपतुर कुनाला शिवी दिली न्हाई. चालीला कोन शिवी देतंय?" त्यांनी सुनेकडे बघितलं. "आन् हिच्या येळंला मला हेच म्हनायला बरं पडलं. दगड माज्या हातात, आन् म्या म्हनलं पांढर." त्यांनी प्रबंध मांडीवरून खाली ठेवला. "पांढरीनं न्हाई गं सुनंदा. म्या केलं ते."

सुनंदा चौकट धरून तशीच उभी राहिली. तिचा हुंदका आवाज न होता आला आणि बराच वेळ थांबला नाही.

हौसाबाईंनी नसीमाला विचारलं, "तुजी आई कुटं हाय?"

"बाहेर. गाडीत."

"बोलीव आत."

खातूनभाभी आल्या, पण उंबऱ्याशी अडखळल्या. "या की वो," हौसाबाई म्हणाल्या, "हात भरायचाय सुनंदीचा. भनीच्या लग्नाला जायची हाय." भाभींनी हारा सोप्यात ठेवला, फडकं सोडलं. लाल, हिरव्या, मोरपंखी. सुनंदा पुढे येईना. मला वाटलं लाजते आहे. ती डोळे पुसून सासूकडे बघत म्हणाली, "पयलं आत्तींच्या हातात घाला. मग माज्या."

"येडी हैस का? माजं वय काय, मान्सं हसतील."

"हसूंद्यात."

"सुनंदे, तुजं लगीन न्हाई, भनीचं हाय. उगं हट्ट करू नगंस."

"मग ऱ्हाऊ द्या. दोगी बी आशाच जाऊ."

हौसाबाई कधी माझ्याकडे बघत, कधी दाराकडे. कुणीतरी मध्ये पडेल असं त्यांना वाटत असावं. कुणी पडलं नाही. शेवटी त्यांनी पदराखालून उजवा हात काढला आणि खातूनभाभींच्या मांडीवर ठेवला. खुरपून, भाकऱ्या थापून, दावी ओढून राठ झालेला हात.

"न्हाई जायाच्या बाई," त्या म्हणाल्या. "लय वर्सं झाली. हाडं आवळल्यात."

खातूनभाभींनी त्यांची बोटं आपल्या मुठीत घेऊन हळूहळू चोळली. मग हाऱ्यातून एक हिरवी बांगडी उचलली.

"जातात," त्या म्हणाल्या. "हात तेवढा सैल सोडा."